लेह झालंय, मग अंटार्क्टिकाला काय वेगळं?

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या, अंटार्क्टिकाला निघालेल्या शेजारच्या काकांनी दिवाळीत जाहीर केलं, "आम्ही जानेवारीत लेह केलंय. उणे पंधरात राहिलोय. अंटार्क्टिकाला डिसेंबरात शून्याच्या आसपास असतं म्हणे, म्हणजे ते सोपंच की!" पुढ्यात पोहे, त्यावर जीरावन मसाला आणि मूठभर शेव. गच्चीत काकूंनी लेहची फुगीर जाकिटं उन्हात टाकलेली. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळ्यांची उरलेली पट्टीसुद्धा औषधांच्या डब्यात जपून ठेवलेली.

काकांचा तापमानाचा आकडा बरोबर होता. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकला होता. मी दोन्हीकडे जाऊन आले आहे आणि पहिल्यांदा मीही नेमकी हीच चूक केली होती, म्हणून हे लिहिते. आपल्या इंदुरात पारा सात-आठवर आला की शेकोट्या पेटतात. तेव्हा 'बर्फ' म्हटलं की आपल्या डोक्यात एकच थंडी असते. प्रत्यक्षात लेहची थंडी उंचीवरची आणि कोरडी आहे, तर तिकडची समुद्रावरची आणि ओली. औषधं, कपडे, डॉक्टरांचा कागद, विमा, सगळं या एका फरकाने बदलतं.

आधी उंचीचं बघू. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, लेह ३,५०० मीटरवर. दिल्लीहून विमान सव्वा-दीड तासात तिथे नेऊन टाकतं. तिथला हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या जेमतेम दोन-तृतीयांश, म्हणजे एका श्वासात मिळणारा प्राणवायूही तेवढाच. शरीराला याची सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून पहिले ४८ तास खोलीत पडून राहा असं तिथे प्रत्येक जण बजावतो. ऐकलं नाही तर डोकेदुखी आणि उलट्या सुरू होतात. प्रकरण वाढलं तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठतं आणि ते जिवावर बेतू शकतं. डायमॉक्स आहे ती यासाठी.

आता अंटार्क्टिका. हा खंड सरासरी उंचीत जगातला सगळ्यात उंच आणि खुद्द दक्षिण ध्रुव २,८३५ मीटरवर. हे वाचून काही जण डायमॉक्स आणखी घट्ट धरतात. पण प्रवासी जहाज काही पठारावर चढत नाही. ते अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या किनाऱ्याने फिरतं, आपण रबरी होडीतून काठावर उतरतो, पेंग्विन बघतो आणि परत येतो. म्हणजे इंदूरपेक्षाही खाली. श्वासाचा प्रश्नच येत नाही. उलट डायमॉक्सने लघवी वाढते, आणि चार थर कपडे घालून होडीत बसलेल्या माणसाला ती वाढलेली नको असते. होडीत सोय नसते आणि किनाऱ्यावर तर परवानगीच नाही.

तिथे डायमॉक्सची जागा घेते ती बोट लागण्याची गोळी. दक्षिण अमेरिकेचं टोक आणि अंटार्क्टिका यांच्यामध्ये ड्रेक पॅसेज नावाचा सुमारे ८०० किलोमीटर रुंदीचा समुद्र आहे. तिथे वाऱ्याला आणि लाटांना अडवायला पृथ्वीभोवती कुठेच जमीन आडवी येत नाही. जायला दीड-दोन दिवस, यायला तेवढेच. डोळ्यांना खोली स्थिर दिसते, कानातला तोल सांभाळणारा भाग ओरडून सांगतो की आपण हलतोय, आणि या भांडणात पोट ढवळून निघतं. मांडवाच्या (मांडूच्या) घाटात बस लागली की तोंडात आवळासुपारी टाकणारी आपण माणसं. ड्रेकमध्ये आवळासुपारी फार पुरत नाही. गोळी उलटी सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते. सुरू झाल्यावर ती पोटात टिकतच नाही. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या ॲव्होमिनने चांगलीच झोप येते, आणि हलत्या जहाजावर पेंगुळलेला साठीतला माणूस म्हणजे मनगट किंवा खुबा मोडण्याचं आमंत्रण. कानामागे लावायची स्कोपोलामिनची चकती काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना अडचणीची ठरू शकते. म्हणून कोणती गोळी, किती, आणि रोजच्या औषधांशी तिचं जमतं का, हे आपल्या डॉक्टरांना घरीच विचारून घ्यावं. जमलं तर एखाद्या रविवारी घरी एक घेऊन झोप किती येते तेही बघावं.

कपड्यांत तर मी स्वतःच फसले होते. लेहला पिसांचं फुगीर जाकीट राजा असतं. हवा कोरडी, बर्फ पावडरीसारखा, झटकला की गेला. अंटार्क्टिकाच्या उन्हाळ्यात तापमान साधारण उणे दोन ते अधिक पाच, म्हणजे बर्फ विरघळत असतो, कधी ओला हिमवर्षाव, कधी चक्क पाऊस, आणि होडीत बसलं की समोरून खाऱ्या पाण्याचे फवारे. पिसं भिजली की चिकटतात आणि त्यांच्यात अडकलेली हवा निघून जाते. ऊब त्या हवेची असते, पिसांची नव्हे. शिवाय पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. त्यात वारा: शून्य अंशाला ताशी ४० किलोमीटर वारा असेल तर उघड्या गालाला ते उणे सातसारखं लागतं. आणि दहा-बारा माणसांच्या होडीत तासभर हलायचं नसतं. लेहला निदान चालून अंग गरम करता येतं.

म्हणून बाहेरचा थर वाऱ्याला आणि पाण्याला दाद न देणारा हवा, हे पहिलं. बऱ्याच कंपन्या जाड पार्का (टोपीचं लांब जाकीट) देतात, काही तर तो घरी नेऊ देतात, आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट जहाजावर वापरायला मिळतात. पण पाणी न शिरणारी विजार बहुतेक वेळा आपलीच न्यावी लागते आणि ती कुणाच्याच लक्षात येत नाही. होडीतून उतरताना पाय थेट गुडघाभर पाण्यात टाकायचा असतो, आणि ते पाणी शून्याच्या आसपासचं. (समुद्राचं पाणी खारट असल्याने ते शून्याला गोठत नाही, उणे १.८ च्या आसपास गोठतं.) विजार बुटाच्या बाहेरून खाली सोडायची, आत खोचायची नाही. खोचली की बुटाची बादली होते. मी खोचली होती.

आतला थर लोकरीचा किंवा सिंथेटिक. सुती बनियन नको. ते घाम पिऊन गार पडतं आणि गारच राहतं. मधे फ्लीस किंवा आपल्याकडे हिवाळ्यात तिबेटी स्वेटरवाल्यांकडून घेतलेला चांगला लोकरी स्वेटर, तो बिनधास्त चालतो. हातमोजे दोन जोड, कारण एक भिजणारच, आणि आत पातळ मोजे, म्हणजे फोटोसाठी हात पूर्ण उघडा करावा लागत नाही.

याच्या नेमकी उलट गंमत जहाजाच्या आत. लेहच्या हॉटेलात रात्री खोली इतकी गार की आम्ही टोप्या घालून झोपलो. जहाजात मात्र खोली इंदूरच्या फेब्रुवारीसारखी ऊबदार असते. काकूंनी सहा स्वेटर काढले होते. त्यातले तीन कमी करून साधे कुर्ते टाकायला सांगितलं. सगळे थर खोलीतच चढवून रांगेत उभं राहिलं की घाम येतो, आणि घामाने ओलं झालेलं अंग घेऊन वाऱ्यात जाणं म्हणजे समुद्रात न पडताच भिजणं. शेवटचा थर दारापाशी चढवावा.

आता कागदपत्रं, आणि खरी गफलत इथेच होते. आपल्या गावातून दरवर्षी कितीतरी जण अमरनाथला जातात. त्यांना सक्तीचं आरोग्य प्रमाणपत्र माहीत असतं: वय १३ ते ७०, ठरवून दिलेल्या डॉक्टरची सही आणि शिक्का. त्यामुळे जहाज कंपनीचा आरोग्याचा फॉर्म आला की तोही तसाच वाटतो. फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन "जरा फिट लिहून द्या हो" म्हणून मोकळं व्हायचं. पण दोन्ही कागदांमागचे प्रश्न वेगळे आहेत. अमरनाथचा कागद विचारतो, कमी प्राणवायूत चढाई झेपेल का? जहाजाचा कागद विचारतो, दवाखान्यापासून कित्येक दिवस लांब असताना तुमचा आजार शांत राहील का? मग त्यात हृदयाचे झटके, स्टेंट, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, साखर, झोपताना लागणारं श्वासाचं यंत्र, मानसिक आजाराची औषधं असं सगळं येतं. हलत्या शिडीवरून उतरून डुलणाऱ्या होडीत पाय टाकता येतो का, हेही विचारतात. सत्तरीच्या पुढचे लोक अंटार्क्टिकाला भरपूर दिसतात, वयाची तशी अडचण नसते. अडतं ते गुडघ्यांवर.

यातून एक उलटसुलट निघतं. फुप्फुसाच्या जुन्या त्रासामुळे ज्यांना डॉक्टरांनी लेहला साफ मनाई केली, त्यांना समुद्रसपाटीवरचा हा प्रवास कदाचित चालेल. आणि लेहजवळच्या खारदुंग ला खिंडीत, ५,३५९ मीटरवर, फोटो काढून आलेल्या धडधाकट माणसाला दोन महिन्यांपूर्वीच्या स्टेंटमुळे जहाजावर नकार मिळू शकतो. निर्णय अर्थात डॉक्टरांचा. पण "मी लेहला गेलोय" हा पुरावा इथे चालत नाही.

कारण लेहला काही झालं तर गावातच इस्पितळ आहे, सैन्याची मदत आहे, दिल्ली दीड तासावर आहे. जहाजावर डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो, शस्त्रक्रियागृह नसतं. गंभीर रुग्णाला हलवायचं तर जहाज द्वीपकल्पाजवळच्या किंग जॉर्ज बेटाकडे वळवायचं, तिथल्या चिलीच्या धावपट्टीवर विमान यायची वाट बघायची आणि मग चिलीतलं पुंता आरेनास शहर. धुकं असेल तर विमान उतरत नाही, आणि तिथे धुकं असतंच. म्हणून कंपन्या आणीबाणीत हलवण्याच्या खर्चाचा विमा सक्तीचा करतात, आणि त्याची रक्कम लाख-दोन लाख डॉलरच्या घरात असू शकते. आपली नेहमीची आरोग्य विमा पॉलिसी, जी लेहला उपयोगी पडली असती, ती इथे बहुतेक कोरा कागद आहे. परदेश प्रवासाच्या पॉलिसीतही अंटार्क्टिका वगळलेलं आहे का आणि आधीचे आजार धरलेत का, या दोन ओळी शोधून वाचा. फॉर्ममध्ये साखर लपवली तर विमा कंपनीला हात वर करायला तेवढं कारण पुरतं. लपवू नका.

एक लस मात्र लेहवाल्यांच्या स्वप्नातही नसते. अंटार्क्टिकाची बहुतेक जहाजं अर्जेंटिनातल्या उशुआयाहून सुटतात, आणि भारत सरकारच्या पीतज्वराच्या (डासांमुळे होणाऱ्या यलो फिव्हरच्या) देशांच्या यादीत अर्जेंटिना आहे. उशुआयात डास चावायची शक्यता नाही म्हणा, पण नियम देशाला लागतो. परतताना भारतात उतरल्यावर पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड नसेल तर विलगीकरणात बसावं लागू शकतं, सहा दिवसांपर्यंत. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, पुढे मात्र आयुष्यभर चालतं. साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेताना जास्त जपावं लागतं, म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात धावाधाव नको.

दोन्हीकडे सारखंही काही आहे. ऊन, उदाहरणार्थ. ताजा बर्फ अतिनील किरणं ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, तेव्हा काळा चष्मा आणि सनस्क्रीन लेहचंच न्या, हनुवटीच्या खालीही लावा. इन्सुलिन गोठलं की वाया जातं, ते पार्काच्या आत अंगाशी ठेवायचं. फोनच्या बॅटऱ्या दोन्हीकडे रुसतात.

लेहचे ट्रेकिंगचे बूट मात्र तसेच चिखलासकट घेऊन जाऊ नका. किनाऱ्यावर उतरण्याआधी बाहेरचे कपडे तपासतात, खिसे आणि वेल्क्रो व्हॅक्युमने साफ करतात, बूट जंतुनाशकात बुडवतात. बी-बियाणं तिकडे जाऊ नये हा मूळ हेतू. २०२४ मध्ये बर्ड फ्लू अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर पोचल्याचं सिद्ध झालं, आणि या साथीमुळे जमिनीवर बसायला किंवा गुडघे टेकायलाही मनाई असते. खाण्याचा पदार्थ किनाऱ्यावर नेता येत नाही. माझ्या जाकिटाच्या वेल्क्रोतून तपासणाऱ्या तरुण मुलीने चिमट्याने काढून दाखवलं, ती रतलामी शेव होती. घरून निघताना मी विमानतळावर खाल्लेली.

काकांची बॅग आता पुन्हा भरली गेली आहे. डायमॉक्स काकूंनी डब्यात परत ठेवली, फुगीर जाकीट आतला थर म्हणून एकच घेतलं, पाणी न शिरणाऱ्या दोन विजारी मागवल्या. फॉर्ममध्ये काकांनी साखर लिहिली, गुडघाही लिहिला. शेवटी कंपनीने बुटाचं माप विचारलं तेव्हा काका आठ लिहून मोकळे होणार होते. आपल्याकडचा आठ म्हणजे युरोपचा ४२ आणि अमेरिकेचा ९, आणि बुटात जाड मोज्यांचे दोन जोड जायचे असतात. त्यांनी ४३ लिहिलं.