जुन्या वस्तीचे ध्वनिमुद्रण

शहरातील जुन्या वस्तीचे रोजचे जगणे तिथल्या आवाजांतून टिपून जतन करण्याची पद्धत. गाणे, भाषण किंवा सोहळा हा तिचा विषय नव्हे. दुकानाचे शटर वर जाणे, लाकडी जिन्यावरची पावले, खिडकीतून खिडकीत चाललेले बोलणे, फेरीवाल्याची हाळी, लांबच्या घड्याळाचे टोले हे सारे जसे आणि जितक्या अंतरावरून कानी पडते, तसेच मुद्रित केले जाते. मौखिक इतिहास, नगररचना, नभोवाणी आणि ध्वनिपरिसराचा, म्हणजे एखाद्या जागेच्या एकूण आवाजांचा, अभ्यास अशा क्षेत्रांत ही पद्धत वापरतात.

जुन्या वस्तीत आवाज वेगळा वाजतो याला तिची बांधणी कारणीभूत असते. अरुंद गल्लीत समोरासमोरच्या दगडविटांच्या भिंती आवाज एकमेकींकडे परतवतात, त्यामुळे तो मोकळ्या जागेतल्यासारखा चटकन विरत नाही. घरे रस्त्याला चिकटून असल्याने आतले भांडे आणि बाहेरची सायकल एकाच वेळी ऐकू येतात. इमारत पाडून नवी मागे सरकवून बांधली, की तोच हातोडा निराळा वाजू लागतो. म्हणून चांगल्या मुद्रणात आवाजासोबत जागेचा घुमाराही उतरतो. स्टुडिओत साफसूफ करताना तोच कापून टाकणारे मूळ हेतूच घालवून बसतात.

जर्मन चित्रपटकार वॉल्टर रुटमान यांनी १९३० साली बर्लिनमधील आवाज चित्रपटाच्या ध्वनिपट्टीवर टिपले आणि ते जोडून, चित्राविनाच, नभोवाणीसाठी ‘वीकएंड’ ही सुमारे ११ मिनिटांची रचना केली. पण एकाच वस्तीला वर्षानुवर्षे कान लावून बसण्याचे ठळक उदाहरण न्यूयॉर्कचे ध्वनिसंग्राहक टोनी श्वार्ट्झ यांचे आहे. मोकळ्या, अनोळखी जागांची भीती वाटत असल्याने ते सहसा आपल्या भागाबाहेर जात नसत. तेव्हाची यंत्रे जड आणि विजेच्या तारेला बांधलेली. श्वार्ट्झ यांनी खांद्याला अडकवून फिरता येईल असे यंत्र जुळवून घेतले आणि मॅनहॅटनमधील आपल्या १९ क्रमांकाच्या टपाल विभागातील फेरीवाले, दोरीवरच्या उड्या मारत गाणारी मुले, रस्त्यावरचे वादक मुद्रित केले. त्यातून निवडलेली ‘न्यूयॉर्क १९’ ही ध्वनिमुद्रिका १९५४ मध्ये फोकवेज या ध्वनिमुद्रिका कंपनीने काढली. २००७ मध्ये त्यांचा संग्रह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे गेला. फिरण्यावर आलेली मर्यादाच या कामाची ताकद ठरली, असे म्हणता येईल.

या कामाला परिभाषा मिळवून दिली ती कॅनडाचे संगीतकार आर. मरे शेफर आणि सायमन फ्रेझर विद्यापीठातील त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९७३ मध्ये त्यांनी व्हँकूव्हर शहराच्या आवाजांचा संच प्रसिद्ध केला. शेफर यांनी आवाजांचे तीन प्रकार मानले: सतत मागे चालू असलेला आणि म्हणून रहिवाशांच्या लक्षातही न येणारा आधारस्वर, लक्ष वेधणारा इशारा, आणि त्या जागेची ओळख बनलेली ध्वनिखूण, उदाहरणार्थ व्हँकूव्हरमध्ये रोज रात्री नऊला उडणारी तोफ. मुद्रण करणारा सहसा खुणेमागे धावतो. वास्तविक हातून निसटतो तो आधारस्वर, कारण त्याची कोणी आठवणही काढत नाही.

प्रत्यक्ष कामात रेकॉर्डरपेक्षा जागेची निवड महत्त्वाची. माइक गल्लीच्या मधोमध ठेवला तर वाहनांपुढे काही ऐकू येत नाही. पहिल्या मजल्याच्या खिडकीत किंवा जिन्याच्या वळणावर वस्ती बोलू लागते. वाऱ्यासाठी माइकवर केसाळ आवरण लागतेच. सुरुवातीची काही मिनिटे बहुधा वाया जातात: येणारे-जाणारे माइककडे पाहून थबकतात, आवाज खाली आणतात, मुले मुद्दाम ओरडून जातात. नंतर कोणी लक्ष देत नाही, आणि तिथून उपयोगाचे मुद्रण सुरू होते. तुकडे तोडून घेण्यापेक्षा तासभर सलग मुद्रण चांगले. आवाजाचे नमुने घेण्याचा वेग ४८ किलोहर्ट्झ, दर नमुन्याला २४ बिट आणि दोन वाहिन्या धरल्या तर तासाला सुमारे १ जीबी जागा लागते.

मात्र खिडकीतून आलेले भांडण किंवा फोनवरचे बोलणे हा कुणाचा तरी खासगी मामला असतो. बोलणारा ओळखू येत असेल तर त्याची संमती घ्यावी. ती मिळत नसेल तर तो भाग बाहेर काढू नये. ‘रस्त्यावर ऐकू आले, म्हणजे सार्वजनिक झाले’ हा युक्तिवाद सोयीचा असला तरी लंगडा आहे.

नोंदीशिवाय मुद्रणाला संग्रहात फारशी किंमत नसते. तारीख, वेळ, हवामान, माइकची जागा, उंची आणि दिशा लिहून ठेवली तरच पुढे त्याच ठिकाणी पुन्हा मुद्रण करता येते. व्हँकूव्हरच्या बाबतीत तसे झाले: १९७०च्या दशकातील मूळ मुद्रणे आणि १९९०च्या दशकातील नवी मुद्रणे पुढे एकत्र प्रसिद्ध झाली. मात्र दोन काळांची तुलना करताना एक अडचण येते. मुद्रणाची पातळी हाताने वरखाली केलेली असते, त्यामुळे ऐकताना मोठा वाटणारा आवाज खरोखर मोठा होता की नाही हे कळत नाही. यासाठी सुरुवातीला कॅलिब्रेटरचा, म्हणजे ठरावीक पातळीचा सूर देणाऱ्या उपकरणाचा, ९४ डेसिबलचा, १००० हर्ट्झचा सूर मुद्रित करून मग पातळीला हात लावत नाहीत. तो नसेल तर दोन मुद्रणांवरून कोणते आवाज आले आणि कोणते गेले एवढेच सांगता येते. गोंगाट वाढला की घटला, हे नाही.