पंचविशीनंतर पावडरने उंची वाढते का?

"ग्रोथ हार्मोनची पावडर घ्या, कोणत्याही वयात उंची वाढते" हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. पहाटे नागपूरच्या फुटाळा तलावावर धावणारी, भरतीची तयारी करणारी पोरं मला हेच विचारतात. त्यांचे कष्टाचे पैसे यात जातात, याचं फार वाईट वाटतं.

हे हार्मोन म्हणजे १९१ अमिनो आम्लांचं प्रथिन. पोटात गेलं की डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जातं. म्हणून डॉक्टर देतात ते इंजेक्शननेच, तेही तपासण्या करून. उंची वाढते ती लांब हाडांच्या टोकांजवळच्या कूर्चेच्या, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचिक भागाच्या पट्टीतून. मुलींमध्ये साधारण १४ ते १६, मुलांमध्ये १६ ते १८ व्या वर्षी या पट्टीचं हाड होतं. त्यानंतर हार्मोन अति झालं तर जबडा, पंजे, पावलं रुंदावतात; उंची तेवढीच राहते. मोडलेलं हाड मोठेपणीही जुळतं, त्यामुळे ते वाढतही असेल असं वाटणं साहजिक आहे.

पट्टी उघडी आहे का, ते हाताच्या एक्स-रेत दिसतं. आणि "सेंटिमीटरभर वाढलो" म्हणणारा खोटं बोलत नसतो. मणक्यांमधल्या चकत्या रात्री पाणी धरतात, दिवसभरात दबतात. दाराच्या चौकटीवर उठल्याउठल्या आणि झोपताना पेन्सिलीने खूण करा, पावडरशिवायच तेवढा फरक दिसेल.