फाशीच्या कैद्याचा दयेचा अर्ज: कोण करू शकतं, मुदत किती, कागद कोणते

सत्र न्यायालयाने फाशी सुनावली म्हणून लगेच राष्ट्रपतींकडे धाव घ्यायची नसते. उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ती शिक्षा अमलात येतच नाही, आणि त्यासाठी आरोपीने अपील केलं पाहिजे असंही नाही. सत्र न्यायाधीशांना प्रकरण आपणहून वर पाठवावंच लागतं. उच्च न्यायालयानंतर सर्वोच्च न्यायालय, तिथेही निकाल विरोधात गेला तर फेरविचार याचिका. मोहम्मद आरिफ प्रकरणातल्या २०१४ च्या निकालापासून फाशीच्या प्रकरणातली फेरविचार याचिका किमान तीन न्यायमूर्तींपुढे, खुल्या न्यायालयात ऐकली जाते. एरवी असे अर्ज दालनातच निकाली निघतात, त्यामुळे ही संधी सोडू नये. एवढं झालं की मग दयेच्या अर्जाची वेळ येते.

ही माहिती दोघांसाठी आहे. एक, कैद्याचे आईवडील, भाऊबहीण, बायको. दुसरे, सनद मिळून जेमतेम वर्ष-दोन वर्षं झालेले ते वकील, जे विधी सेवा प्राधिकरणाच्या (मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) पॅनलवर किंवा एखाद्या संस्थेच्या फेलोशिपवर काम करतात आणि ज्यांच्या टेबलावर अशी फाइल एक दिवस येऊन पडते. फाशीविरोधी कामाची फेलोशिप म्हटलं की डोळ्यांपुढे सर्वोच्च न्यायालयातला युक्तिवाद येतो. प्रत्यक्षात बराचसा वेळ शाळेचा दाखला, दवाखान्याचे कागद आणि तुरुंगातली मुलाखत यांतच जातो.

अर्ज कोण करू शकतं

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम ४७२ मध्ये दयेच्या अर्जाची पद्धत पहिल्यांदाच सविस्तर लिहिली गेली. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत असं कलम नव्हतं, सगळं गृह मंत्रालयाच्या सूचनांवर आणि तुरुंगाच्या नियमांवर चालायचं. आता स्वतः कैदी, त्याचा कायदेशीर वारस किंवा दुसरा कोणीही नातेवाईक अर्ज करू शकतो. संस्था, पक्ष, सामाजिक कार्यकर्ते यांचा उल्लेख कलमात नाही. पूर्वी असे अर्ज होत असत. पंजाबचे मुख्यमंत्री बेअंतसिंग यांच्या हत्येत फाशी सुनावलेल्या बलवंतसिंग राजोआना याच्यासाठी २०१२ मध्ये शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने अर्ज केला होता. आता संस्थेने मसुदा जरूर तयार करावा, पण सही कैद्याची किंवा नातेवाइकाचीच घ्यावी.

नातेवाइकाने अर्ज करताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. तो अर्ज कैद्याचाच समजला जातो. याकूब मेमनच्या बाबतीत भावाने केलेला अर्ज राष्ट्रपतींनी २०१४ मध्ये फेटाळला होता. जुलै २०१५ मध्ये याकूबने स्वतःच्या सहीने नवा अर्ज केला. तोही फेटाळला गेल्यावर फाशीपूर्वी पुन्हा चौदा दिवसांची मुदत मिळावी ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलैच्या पहाटे बसून ऐकली आणि अमान्य केली. त्याच सकाळी नागपूरच्या तुरुंगात फाशी झाली. म्हणून भावनेच्या भरात, अर्धवट कागदांवर, कैद्याला न विचारता कोणीही घाईने अर्ज पाठवू नये. पहिला अर्ज हाच खरा अर्ज, असं धरून चालावं.

मुदत

अपील, फेरविचार याचिका किंवा विशेष अनुमती याचिका (अपिलासाठी खास परवानगी मागणारा अर्ज) सर्वोच्च न्यायालयाने फेटाळल्याचं तुरुंग अधीक्षक कैद्याला कळवतात, त्या दिवसापासून ३० दिवस. सर्वोच्च न्यायालयात कोणी गेलंच नसेल, तर उच्च न्यायालयाने शिक्षा कायम केल्याचं कळवल्यापासून ३० दिवस, मात्र अपिलाची मुदत उलटलेली असली पाहिजे. दिवस मोजायचे ते अधीक्षकांनी कळवल्यापासून, निकालाच्या तारखेपासून नव्हे. त्यामुळे ते पत्र लेखी, तारखेसह आणि कैद्याच्या सहीसह मिळवणं हे वकिलाचं पहिलं काम. टीव्हीवर बातमी ऐकली, बरॅकमध्ये कोणीतरी सांगितलं, याला कळवणं म्हणत नाहीत.

अर्ज आधी राज्यपालांकडे करता येतो. त्यांनी फेटाळला तर त्या तारखेपासून ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे. महाराष्ट्रातल्या बहुतेक प्रकरणांत हाच क्रम दिसतो आणि तोच बरा, कारण दोन वेगळ्या पातळ्यांवर विचार होतो. राज्यपालांचा अधिकार राज्यघटनेच्या कलम १६१ मधला, राष्ट्रपतींचा कलम ७२ मधला. दोघेही मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने निर्णय घेतात, हे मारू राम प्रकरणात १९८० मध्येच स्पष्ट झालं. तेव्हा अर्जावर नाव राज्यपालांचं असलं तरी टिप्पणी मंत्रालयात गृह विभागातच लिहिली जाते.

एकाच गुन्ह्यात अनेकांना फाशी झाली असेल तर प्रत्येकाचा अर्ज ६० दिवसांत येईल हे पाहण्याची जबाबदारी अधीक्षकांवर आहे. एखाद्याने अर्ज केलाच नाही तरी त्याचं नाव, पत्ता आणि प्रकरणाचे कागद बाकीच्यांच्या अर्जांसोबत जातात आणि राष्ट्रपती सगळ्यांचा निर्णय एकत्र घेतात.

मुदत हुकली तर? राज्यघटनेच्या दोन्ही कलमांत मुदतीचा शब्दही नाही. माझं मत असं की उशीर का झाला ते एका परिच्छेदात लिहून अर्ज द्यावाच. हातावर हात ठेवून बसणं हा पर्याय नाही.

अर्जात काय लिहायचं

ठरावीक छापील नमुना नाही, शुल्क नाही. साध्या कागदावर, राज्यपाल किंवा राष्ट्रपती यांच्या नावे, तुरुंग अधीक्षकांमार्फत. मराठीत लिहिला तरी हरकत नाही, पण फाइल दिल्लीपर्यंत जाणार असल्याने सोबत इंग्रजी भाषांतर जोडलं तर काही आठवडे वाचतात.

नव्या वकिलांचा मसुदा बहुधा अपिलाची नक्कल होतो: साक्षीदार क्रमांक अमुक खोटं बोलला, पंचनामा चुकीचा. पुराव्याबद्दल लिहू नये असं नाही. राष्ट्रपती पुरावा स्वतः नव्याने तपासून न्यायालयापेक्षा वेगळ्या मतावर येऊ शकतात, हे केहर सिंग प्रकरणात १९८८ मध्ये घटनापीठाने सांगितलं आहे. त्याच निकालाने तोंडी सुनावणीचा हक्क मात्र नाकारला. म्हणजे जे सांगायचं ते कागदावरच. समोर उभं राहून समजावण्याची संधी मिळणार नाही.

गृह मंत्रालय कोणते मुद्दे पाहतं ते सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात नोंदलेलं आहे. कैद्याचं वय, स्त्री आहे का, बौद्धिक कमतरता आहे का. अपील न्यायालयाने पुराव्याबद्दल शंका व्यक्त करूनही शिक्षा कायम केली का. नवा पुरावा मिळण्यासारखा आहे का. उच्च न्यायालयाने सुटका रद्द करून किंवा शिक्षा वाढवून फाशी दिली का. न्यायमूर्तींमध्ये मतभेद होऊन प्रकरण मोठ्या पीठाकडे गेलं होतं का. टोळीने केलेल्या खुनात नेमकी कोणाची किती जबाबदारी. तपास आणि खटल्याला फार उशीर झाला का. आपल्या प्रकरणाला लागू पडतील तेवढेच मुद्दे घ्यावेत आणि प्रत्येकाला कागद जोडावा. सगळे सात मुद्दे ओढूनताणून बसवलेला अर्ज वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतो.

कागदपत्रं

तिन्ही न्यायालयांचे निकाल आणि प्रकरणातले इतर कागद कैद्याला मिळालेच पाहिजेत. शत्रुघ्न चौहान प्रकरणात २१ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अर्जासाठी लागणाऱ्या कागदांच्या प्रती तुरुंग प्रशासनाने आठवडाभरात द्यायच्या. मागणी लेखी करा आणि पोच घ्या.

याखेरीज जे जमवायचं ते कोर्टाच्या फाइलमध्ये सहसा नसतं. शाळा सोडल्याचा दाखला आणि शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. जन्मनोंद, नसेल तर नसल्याचा दाखला. लहानपणापासूनचे आजारपणाचे, डोक्याला मार लागल्याचे, मनोरुग्णालयाचे कागद. तुरुंगातल्या डॉक्टरांची नोंद. तुरुंगातली वर्तणूक, तिथे दिलेल्या परीक्षा, केलेलं काम. घरची परिस्थिती, मागे कोण आहे, कोण कैद्यावर अवलंबून आहे.

शाळेचं रजिस्टर वर का घेतलं, ते एका प्रकरणावरून कळेल. पुण्यात १९९४ मध्ये झालेल्या एका हत्याकांडात फाशी झालेला कैदी येरवडा आणि नागपूरच्या तुरुंगांत २८ वर्षांहून अधिक काळ होता. राजस्थानातल्या त्याच्या गावच्या शाळेच्या नोंदीवरून सिद्ध झालं की गुन्ह्याच्या वेळी त्याचं वय साडेबारा वर्षं होतं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये त्याची सुटका केली. इतक्या वर्षांत तीन पातळ्यांवरची न्यायालयं होऊन गेली होती, आणि शाळेतली ती नोंद सगळ्यांच्याच नजरेआड राहिली होती.

मानसिक आजाराचंही तसंच. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये शिक्षेनंतर उद्भवलेला गंभीर मानसिक आजार हे फाशी रद्द करण्याचं कारण मानलं. भेटीत कैदी असंबद्ध बोलतो, ओळखत नाही, जेवत नाही असं नातेवाइकांना जाणवलं तर तारीख टाकून ते लिहून ठेवावं आणि मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणीची मागणी करावी.

अर्ज गेल्यावर

इथून पुढे फाइल कुठे आहे हे सतत पाहत राहावं लागतं. कलम ४७२ प्रमाणे केंद्र सरकार राज्याचं मत मागवतं आणि राज्याचं मत व तुरुंगाचे कागद आल्यापासून ६० दिवसांत राष्ट्रपतींना शिफारस करतं. राष्ट्रपतींनी किती दिवसांत निर्णय द्यायचा, याला मुदत नाही. राज्याने मत किती दिवसांत पाठवायचं तेही कलमात नाही, आणि अडतं नेमकं तिथेच.

पुण्यात २००७ मध्ये बीपीओ कंपनीतल्या तरुणीवर बलात्कार करून तिचा खून करणाऱ्या दोघांचे अर्ज राज्यपाल आणि राष्ट्रपती दोघांनीही फेटाळले. तरीही फाशीचं वॉरंट निघायला २०१९ उजाडलं. पत्रं एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहिली. मुंबई उच्च न्यायालयाने चार वर्षांच्या या विलंबामुळे फाशी रद्द करून ३५ वर्षांची कैद दिली. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे ९ डिसेंबर २०२४ रोजी अपील फेटाळलं गेलं. कोल्हापूरच्या रेणुका शिंदे आणि सीमा गावित यांची फाशी जानेवारी २०२२ मध्ये अशाच कारणाने जन्मठेपेत बदलली. त्यांच्या अर्जावर सात वर्षं, दहा महिने आणि पंधरा दिवस गेले होते.

पीडितांच्या घरच्यांना हे ऐकताना काय वाटत असेल ते समजू शकतं. त्यांचा राग मुळात ज्या टेबलांवर फाइल पडून राहिली त्यांच्यावर असायला हवा.

डिसेंबर २०२४ च्या निकालात प्रत्येक राज्याच्या गृह किंवा तुरुंग विभागात दयेच्या अर्जांसाठी स्वतंत्र कक्ष असावा, असा आदेश आहे. अर्ज येताच अधीक्षकांनी पोलीस ठाण्याकडून कैद्याची पूर्वपार्श्वभूमी, कुटुंब, आर्थिक स्थिती, अटकेची तारीख ही माहिती मागवायची आणि निकाल, दोषारोपपत्र, पुरावा, तुरुंगातली वर्तणूक हे सगळं कक्षाकडे पाठवायचं. वकिलाने अर्ज देतानाच या कक्षाचा ईमेल विचारून घ्यावा. प्रत्येक पत्राचा जावक क्रमांक टिपून ठेवावा. पुढे विलंबाचा मुद्दा न्यायालयात मांडायची वेळ आली तर ही तारखांची यादीच उपयोगी पडते.

फेटाळला गेला तर

राष्ट्रपतींचा आदेश आल्यावर केंद्राने ४८ तासांत राज्याच्या गृह विभागाला आणि अधीक्षकांना कळवायचं. कैद्याला नकाराची लेखी प्रत मिळण्याचा हक्क आहे. नकार कळवल्यापासून फाशीपर्यंत किमान १४ दिवस, आणि वॉरंट कैद्याच्या हाती पडल्यापासून पूर्ण १५ दिवस मोकळे असले पाहिजेत. कुटुंबाची शेवटची भेटही याच काळात घडवून आणायची असते.

कलम ४७२ म्हणतं की या निर्णयाविरुद्ध अपील नाही आणि न्यायालयात चौकशी नाही. हे वाचून हातपाय गाळू नयेत. राज्यघटनेने उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांना दिलेला रिट अधिकार (सरकारी निर्णय तपासून थेट आदेश देण्याचा अधिकार) साध्या कायद्याने काढून घेता येत नाही. दयेचा निर्णय मनमानी होता, महत्त्वाचे कागद समोर ठेवलेच नव्हते, अशा मर्यादित कारणांवर तो तपासता येतो, हे एपुरू सुधाकर प्रकरणात २००६ मध्ये ठरलेलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये तर नागपूरच्या वसंत दुपारे प्रकरणात, राज्यपाल आणि राष्ट्रपती दोघांनीही नकार दिलेला असताना, सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेच्या प्रश्नावर नव्याने सुनावणी घेण्याचा आदेश दिला. शिक्षा ठरवताना कैद्याची पार्श्वभूमी, मानसिक स्थिती आणि तुरुंगातली वर्तणूक तपासावी, असं २०२२ च्या मनोज निकालात सांगितलं आहे. त्याचं पालन झालेलं नाही असं दिसलं, तर हा मार्ग आता उघडा आहे.

वकील परवडत नाही म्हणून यातली कुठलीच पायरी सोडायची गरज नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या प्रत्येक व्यक्तीला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तुरुंगातल्या विधी सहाय्य केंद्रात, जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात किंवा १५१०० या मोफत क्रमांकावर मागणी करता येते. सर्वोच्च न्यायालयातल्या कामासाठी तिथली स्वतंत्र विधी सेवा समिती आहे. मागणी करताना कैद्याचा बंदी क्रमांक, तुरुंगाचं नाव, खटल्याचा क्रमांक आणि निकाल कळवणाऱ्या अधीक्षकांच्या पत्राची प्रत जवळ ठेवावी.