तुसाची शेगडी आणि भाताची रोपं

ठाणे जिल्ह्यात मुरबाड-शहापूरकडे उन्हाळ्यात अजून राब भाजतात. शेण, पालापाचोळा, ऐन-किंजळीच्या तोडलेल्या फांद्या रोपांच्या जागेवर पसरायच्या आणि पेटवून द्यायच्या. त्याला कारण आहे. तणाचं बी जळतं, रोपांना राख मिळते. पण तेवढा सगळा जाळ वाया जातो आणि चुलीसाठी सरपण वेगळं आणावं लागतं. त्याच गावात भाताच्या गिरणीमागे तुसाचा, म्हणजे भाताच्या दाण्यावरच्या टरफलांचा, ढीग पडून असतो. शंभर किलो भातामागे सुमारे वीस किलो तूस निघतं. त्यात सिलिका (वाळूतलं कठीण द्रव्य) एवढी की गुरं त्याला तोंड लावत नाहीत आणि ते लवकर कुजतही नाही. या तुसावर आधी स्वयंपाक करता येतो, आणि जे उरतं ते राबाऐवजी रोपांना घालता येतं.

एक किलो कोरड्या तुसात तीन ते साडेतीन हजार किलोकॅलरी उष्णता असते. सिलिंडरमधल्या गॅसमध्ये किलोला सुमारे अकरा हजार. म्हणजे इंधन म्हणून तूस काही टाकाऊ नाही. अडचण वेगळीच आहे. चुलीत तूस दाटून बसतं, आत वारा शिरत नाही, आणि ते नुसतं धुमसत राहतं. तो धूर म्हणजे न जळलेलं इंधन. तो वाया न घालवता पेटवायचा, एवढंच तुसाच्या शेगडीचं काम. फिलिपिन्सचे अलेक्सिस बेलोनियो यांनी अशी पंख्याची शेगडी घडवली आणि त्यासाठी २००८ साली त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला.

रचना गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याला जमेल अशी आहे. १५ सेंटिमीटर व्यासाचं, ६० सेंटिमीटर उंचीचं पत्र्याचं नळकांडं, त्याभोवती दुसरं थोडं मोठं नळकांडं, आणि मधल्या दोन-अडीच सेंटिमीटरच्या फटीत जळलेलं तूस ठासून भरलेलं. उष्णता अडवायला त्याहून स्वस्त काही मिळत नाही. तळाशी उघडता येणारी जाळी, तिच्याखाली घट्ट दाराची पेटी, आणि पेटीला संगणकात असतो तसा १२ व्होल्टचा छोटा पंखा. तो मोटरसायकलच्या बॅटरीवरही चालतो. वर काढता-घालता येणारा बर्नर; त्याच्या कडेच्या भोकांतून बाहेरची हवा आत येते.

नळकांड्यात सुमारे सव्वा किलो तूस मावतं. ते वरून सैल ओतायचं, दाबायचं नाही. वर कागदाचे चार तुकडे टाकून पंखा हळू लावायचा आणि वरूनच पेटवायचं. तूस लाल झालं की बर्नर बसवायचा. दोन-तीन मिनिटांत गॅस धरतो. आग वरून खाली सरकत जाते, मिनिटाला एक ते दोन सेंटिमीटर. खालून निघालेला गॅस वरच्या तापलेल्या कोळशातून जातो, तिथे त्यातलं बरंचसं डांबर, म्हणजे धुरातला चिकट अंश, मोडतं, म्हणून ज्योत निळसर येते. एक भरण अर्धा-पाऊण तास चालतं. डाळ-भाताला तेवढं पुरतं. लांबणारा स्वयंपाक असेल तर दुसरं नळकांडं भरून तयार ठेवावं, कारण मध्येच वरून तूस टाकता येत नाही.

बहुतेक वेळा शेगडी बिघडत नाही, तूस चुकीचं असतं. जुन्या हलरमधून (भात सडायच्या जुन्या यंत्रातून) निघणारं तूस भरडलेलं आणि कोंडा मिसळलेलं असतं. ते पिठासारखं बसतं आणि हवा अडते. रबर रोलरच्या गिरणीतलं अख्खं, होडीच्या आकाराचं तूसच घ्यावं. दुसरा शत्रू ओल. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेलं तूस पांढरा धूर देतं, कारण बरीच उष्णता पाणी उडवण्यातच जाते. उन्हाळ्यात वाळवून गोणीत भरून माळ्यावर ठेवलेलं तूस श्रावणातही चांगलं पेटतं. एका बाजूने दाबलं गेलं तर हवा दुसऱ्या बाजूने वाट काढते, आग तिथूनच खाली पळते आणि ज्योत मध्येच विझते. पंखा फार जोरात ठेवला तर कोळसाही जळून पांढरी राख होते.

ज्योत विझूनही पंखा चालू राहिला तर येणारा गॅस कार्बन मोनॉक्साइडने भरलेला असतो, आणि त्याला वास नसतो. ताबडतोब पुन्हा पेटवावं, नाही तर पंखा बंद करून शेगडी बाहेर मोकळ्यावर न्यावी. शेगडीची जागा पडवीत, बंद खोलीत कधीच नाही. याबाबत जराही सूट घेऊ नये.

ज्योत संपली की लगेच जाळी उघडून काळं तूस लोखंडी डब्यात पाडायचं आणि त्यावर पाणी शिंपडायचं. तसंच ठेवलं तर ते धुमसत पांढरं होतं. शिवाय फार तापलेल्या राखेतली सिलिका स्फटिकरूप घेते आणि तिची धूळ फुफ्फुसांना घातक असते. म्हणून ओलं केल्याशिवाय हाताळू नये.

या काळ्या तुसाची खरी किंमत रोपवाटिकेत कळते. कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत पहिलं सूत्रच पिकाच्या अवशेषांच्या फेरवापराचं आहे. गादीवाफ्याच्या दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो काळं तूस, चार ते सात सेंटिमीटर खोल मिसळून. त्यातून रोपांना सिलिका आणि पालाश (पोटॅश) मिळतं, रोपं ताठ होतात, खोडकिडीला आणि करप्याला जास्त दाद देत नाहीत, आणि माती भुसभुशीत राहिल्याने उपटताना मुळं तुटत नाहीत.

हिशेब असा बसतो. रोज दोन भरणी म्हणजे अडीच किलो तूस. डिसेंबर ते मे सहा महिन्यांत साडेचारशे किलो, आणि त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं, दीडशे किलो काळं तूस. चौरस मीटरला अर्धा किलो धरलं तर तीन गुंठे रोपवाटिका, म्हणजे साधारण तीस गुंठ्यांची लावणी. मात्र साडेचारशे किलो तुसाला साडेबावीस क्विंटल भात लागतो आणि तीस गुंठ्यांत तेवढा पिकत नाही, म्हणून कमी पडणारं तूस गिरणीतून आणावं लागेल. पेंढा या शेगडीत घालायच्या भानगडीत पडू नये. त्यातल्या पालाशामुळे राख वितळून जाळीवर गठ्ठे धरते, आणि त्याला गोठ्यात मागणी आहेच.

राबाचं एक काम मात्र काळं तूस करत नाही: तणाचं बी मारत नाही. पहिल्या पावसानंतर तण उगवू द्यावं, वखरून काढावं आणि मगच वाफा करून बी टाकावं. पेरणी आठवडाभर पुढे जाते. ज्यांना तेवढा उशीर परवडत नाही, त्यांनी पहिल्या वर्षी एकाच वाफ्यावर हे करून पाहावं आणि बाकी राब नेहमीसारखा भाजावा.