ॲम्पला स्क्रीन हवी की नको? पैसे मोजायच्या आधी हे वाचा

दुकानात हल्ली दर दुसरा माणूस विचारतो, "याला स्क्रीन नाहीये का हो?" म्हणजे एवढे लाख मोजायचे आणि समोर नुसता काळा डबा, मग पाहुण्यांना दाखवायचं काय. प्रश्न रास्त आहे, पण उत्तर प्रत्येक डब्याला वेगळं आहे, म्हणून हा कागद.

आधी ॲम्प, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर. याला स्क्रीनची गरज आम्हाला तरी कधी पटली नाही. चांगला ॲम्प नीट वापरला तर २०-२५ वर्षं आरामात चालतो, मध्ये फारतर कपॅसिटर नावाचे भाग बदलावे लागतात, ते कुठलाही हुशार मेकॅनिक बदलून देतो. स्क्रीनचं तसं नाही. जुन्या हिरव्या-निळ्या चमकत्या डिस्प्लेचा उजेड वर्षागणिक उतरत जातो, ओएलईडी स्क्रीनवर एकच आकडा कायम दिसत राहिला तर त्याचा डाग बसू शकतो, आणि पॅनल बहुतेक वेळा त्या मॉडेलपुरतंच बनवलेलं असतं, कंपनीने स्पेअर बंद केला की बसा शोधत. गेल्या पावसाळ्यात एक काका त्यांचा ॲम्प घेऊन आले, आवाज अजून खणखणीत, पण डिस्प्ले इतका मंद की व्हॉल्यूम किती आहे ते बघायला काकूंना टॉर्च धरावा लागायचा. मॅकिंटॉश कंपनीच्या ॲम्पवरचे निळे मीटर सोडा, ती सुई आहे, तिला अपडेट लागत नाही!

स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणी वाजवणारा डबा) आणि डॅक (डिजिटल गाण्याचा ॲम्पला चालेल असा सिग्नल करणारा डबा) यांना मात्र डिस्प्ले असावा, छोटा का होईना. एका कस्टमरची तक्रार होती की हायरेसचं, म्हणजे सीडीपेक्षा जास्त तपशिलाच्या गाण्यांचं, सबस्क्रिप्शन घेतलं पण काडीचा फरक नाही. डॅकच्या डिस्प्लेवर बघितलं तर गाणं कुठलंही लावा, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने, तो आकडा) ४८ किलोहर्ट्झच. त्यांचा अँड्रॉइड फोन सीडीचं ४४.१ असो की १९२, सगळं ४८ करूनच बाहेर सोडत होता. थेट यूएसबीवर पाठवणारं प्लेयर ॲप टाकलं आणि आकडा हलला. डिस्प्ले नसता तर बिचारे केबल बदलत बसले असते.

आता मोठी टचस्क्रीन. स्ट्रीमरमध्ये हायफाय रोझ आरएस१५० ला १४.९ इंच, एव्हरसोलो डीएमपी-ए६ ला ६ इंच, दिसायला झकास, अल्बमचं कव्हर मस्त दिसतं. पण सोफ्यावरून ६ इंचावरचं गाण्याचं नाव वाचता येत नाही, गाणं बदलायला उठायचं कोण, शेवटी फोनच हातात येतो. शिवाय दोन्हींच्या आत अँड्रॉइड आहे, आठ वर्षांनी ते किती चालेल ते तुमचा जुना फोन आठवून ठरवा. ब्लूसाउंड नोड या स्ट्रीमरला स्क्रीनच नाही, सगळं ॲपवरून, आणि तिची उणीव कोणाला फारशी भासत नाही.

स्क्रीनमुळे आवाज बिघडतो का? बॅकलाइट आणि त्याचा सप्लाय थोडा इलेक्ट्रिकल नॉइज करतो हे खरं, म्हणून तर डेनॉन, मरांट्झ, यामाहाच्या बऱ्याच मॉडेलवर डिस्प्ले बंद करणारा प्युअर डायरेक्ट मोड असतो. पण खरं सांगायचं तर दुकानात चालू-बंद करून आम्हाला फरक ओळखता आलेला नाही. अंधारात ऐकताना डोळ्यांना मात्र नक्की बरं वाटतं.

घेताना विचारा, डिस्प्ले पूर्ण बंद होतो का, आणि उद्या तो मेलाच तर रिमोट किंवा ॲपवरून मशीन चालेल का. दुकानात सोफा मुद्दाम १० फुटांवर ठेवलाय, येताना लांबचा चष्मा विसरू नका.