चेहरा नंतर, आधी श्वास

चेहऱ्याच्या ऑपरेशनचा विषय निघाला की पुण्यात कावसजीची गोष्ट येतेच. इंग्रजी फौजेतला हा बैलवाला टिपूच्या कैदेत सापडला आणि नाक व एक हात गमावून बसला. पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नाक बसवले. ही हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि पुढे १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी तिथे तसेच ऑपरेशन केले.

अभिमान असावाच, पण ते नाक कापलेले होते. तान्ह्या बाळाचा प्रश्न वेगळा. गर्भाचा चेहरा चौथ्या ते आठव्या आठवड्यात जुळतो, टाळू साधारण बाराव्यापर्यंत. जुळणी अपुरी राहिली की फट राहते. दोष मात्र आजही ग्रहणावर आणि आईच्या हातातल्या विळीवर!

खरे वळण १९२३ चे. पिएर रोबँ या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवले, की खालचा जबडा फार लहान असला तर जीभ मागे पडून श्वास कोंडतो. अशा बाळाची छाती दर श्वासाला बरगड्यांखाली आत ओढली जाते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली पालथे ठेवले की बऱ्याचदा जीभ पुढे येते, श्वास मोकळा होतो. दुधाचेही तेच. टाळूला फट असेल तर बाळाला ओढून पिता येत नाही, दूध नाकातून येते. मग बाळाला उभट धरून आजीच्या बोंडल्यासारख्या साधनाने थोडे थोडे पाजावे लागते.

सोनोग्राफीत ओठाची फट अठरा-वीस आठवड्यांना बहुधा दिसते. नुसत्या टाळूची सहज निसटते. म्हणून जन्मल्यावर टॉर्च लावून टाळू शेवटपर्यंत बघायचा असतो.

पॉल टेसिए यांनी १९७६ मध्ये चेहऱ्यावरच्या दुर्मीळ फटींना ० ते १४ क्रमांक दिले, तेव्हा कुठे सर्जन एका भाषेत बोलू लागले.

आपल्याकडे २०१३ मध्ये पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या यादीत दुभंगलेले ओठ-टाळू आहेत, जन्मजात बहिरेपण आहे. ट्रेचर कॉलिन्स या जन्मजात विकाराचे नाव नाही. या विकारात गालाची हाडे आणि कान नीट घडत नाहीत, बुद्धी सहसा शाबूत असते. ऐकू न येणाऱ्या मुलाला ‘मंद’ ठरवण्याआधी कानाची तपासणी मागून घ्यावी.