कणवेगवर्धकांभोवतीचे प्रारण : मापन आणि सदृशीकरण यांची तुलना

कणवेगवर्धक (विद्युतभारित कणांना प्रचंड वेग देणारे यंत्र) चालू असताना भिंतीपलीकडे, दारापाशी आणि छतावर किती प्रारण (रेडिएशन) पोहोचते हे दोन वाटांनी कळते. एक म्हणजे उपकरण घेऊन जागेवर मोजणे. दुसरी म्हणजे यंत्र आणि भिंती संगणकात उभ्या करून एकेका कणाचा प्रवास हिशेबाने काढणे, म्हणजेच सदृशीकरण. हिशेबी आकड्याला मोजलेल्या आकड्याने भागून येणारे गुणोत्तर १ च्या किती जवळ आहे, आणि नसेल तर का नाही, याचा शोध हा या तुलनेचा गाभा आहे.

सदृशीकरणासाठी माँटे कार्लो पद्धत वापरतात, म्हणजे प्रत्येक कणाचे पुढे काय होईल हे यादृच्छिक आकड्यांनी ठरवत जातात. मेट्रोपोलिस आणि उलाम या शास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला. फ्लूका, एमसीएनपी, जिअँट४, ईजीएसएनआरसी ही त्यासाठीची नावाजलेली संगणकप्रणाली. या प्रणालींची कसोटी पाहण्यासाठी सर्न या जिनिव्हाजवळच्या युरोपीय संशोधन संस्थेत खास सोय आहे. तिथे १२० जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट) संवेगाचा हॅड्रॉनझोत (प्रोटॉन, पायॉन अशा कणांचा झोत) तांब्याच्या लक्ष्यावर आदळवतात आणि ८० सेंमी काँक्रीट किंवा ४० सेंमी लोखंडाच्या पलीकडचे प्रारण मोजतात. भारतात इंदूरचा इंडस-२ (२.५ जीईव्ही) आणि कोलकात्याचे सायक्लोट्रॉन ही संशोधनाची मोठी यंत्रे आहेत.

सांगली-साताऱ्याकडच्या माणसाचा कणवेगवर्धकाशी संबंध येतो तो मात्र रुग्णालयात. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केले. तेव्हापासून हे गाव उपचारांसाठी ओळखले जाते आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही रुग्ण इथे येतात. कर्करोगावर ज्याने ‘शेक’ देतात तो लिनॅक हा छोटा कणवेगवर्धकच. त्यातले इलेक्ट्रॉन टंगस्टनच्या लक्ष्यावर आदळतात आणि ६ ते १५ एमव्हीचे (मेगाव्होल्ट) क्ष-किरण निघतात. यंत्र ज्या बंकरमध्ये असते त्याच्या भिंती, झोत थेट पडतो त्या बाजूला, दोन मीटरच्या आसपास जाड असतात. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकाला वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा (सिव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या प्रारणाच्या मात्रेचे एकक) जास्त मात्रा मिळता कामा नये, अशी अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा आहे. कर्मचाऱ्यांसाठी ती पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे.

दोन आकड्यांत फरक पडण्याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे काँक्रीट. हिशेबात त्याची घनता बहुधा २.३५ ग्रॅम प्रति घसेंमी धरतात. या घनतेत ६ एमव्ही झोताची तीव्रता दहाव्या हिश्श्यावर आणायला पहिल्यांदा ३७ सेंमी आणि पुढे दर वेळी ३३ सेंमी जाडी लागते. प्रत्यक्षात काँक्रीट ५ टक्के हलके पडले, तर दोन मीटरची भिंत १९० सेंमीइतकीच काम करते आणि पलीकडची मात्रा दुप्पट होते. उलट आपल्याकडची काळ्या पाषाणाची खडी जड असते, तिच्यात लोहही बरेच असते. त्यामुळे नीट दाबून भरलेली भिंत पुस्तकी भिंतीपेक्षा सरसही ठरू शकते. न्यूट्रॉनांच्या बाबतीत काँक्रीटमध्ये उरलेले पाणी महत्त्वाचे, कारण त्यांना हायड्रोजनच उत्तम अडवतो. म्हणून क्यूब टेस्टच्या (काँक्रीटचा नमुना ठोकळा दाबून पाहण्याच्या चाचणीच्या) वेळी ताकदीबरोबर घनताही लिहून ठेवली पाहिजे. ती नसेल तर सदृशीकरण दुसऱ्याच कुठल्या तरी भिंतीचे होते.

मापनाच्याही अडचणी आहेत. लिनॅकचा झोत सलग नसतो. तो काही मायक्रोसेकंदांच्या स्पंदांत येतो. गायगर गणित्र (प्रारणाची एकेक नोंद मोजणारे उपकरण) एका स्पंदात फार तर एकच नोंद करते आणि खरी मात्रा कमी दाखवते, म्हणून आयनीकरण कोठीचा, म्हणजे हवेत निर्माण झालेला एकूण विद्युतभार मोजणारा, सर्व्हे मीटर वापरावा. १० एमव्हीच्या वर न्यूट्रॉनही निघतात आणि बंकरच्या प्रवेशाच्या वळणदार बोळातून दारापर्यंत येतात. त्यांचे उपकरण वेगळे लागते. जाड भिंतीमागचे वाचन पार्श्वभूमीइतकेच (निसर्गात सदैव असणाऱ्या प्रारणाइतकेच) क्षीण असते, तेव्हा यंत्र बंद ठेवून घेतलेले वाचन त्यातून वजा करावे लागते.

जाड भिंतीपलीकडे दोन आकडे एकमेकांच्या दुपटीच्या आत आले तरी मेळ चांगला मानतात. मात्र हा मेळ हिशेबातली घनता मागाहून हलवून आणलेला नसावा. तसे केल्यास तुलनेतून काहीच सिद्ध होत नाही.

जुन्या कोबाल्ट यंत्राच्या (कोबाल्ट-६० या किरणोत्सारी स्रोताने ‘शेक’ देणाऱ्या यंत्राच्या) खोलीत लिनॅक बसवताना या तुलनेचा थेट उपयोग होतो. कोबाल्ट-६० च्या किरणांची तीव्रता दहाव्या हिश्श्यावर आणायला २१ सेंमी काँक्रीट पुरते, त्यामुळे त्या भिंती नव्या यंत्राला अपुऱ्या पडतात. या स्रोताच्या ऊर्जा (१.१७ आणि १.३३ एमईव्ही) आणि अर्धायुष्य (५.२७ वर्षे) नेमके ठाऊक आहे. तेव्हा स्रोत हलवण्याआधी भिंतीमागचे वाचन घेतले, तर तिची खरी घनता काढता येते आणि जादा काँक्रीट किती घालायचे हे त्याच आकड्यावरून ठरवता येते.